ताटातल्या तांदळातलं नाव

तो ठिपका माशीचा असावा — कार्डावरच्या अक्षराच्या बरोबर डोक्यावर बसलेला... सुलक्षणानं रबर उचललं, तेवढ्यात देविका ओरडली, "आंटी, नको! तो डर्ट नाहीये. डॉट असला की तो व्हॉवेल फक्त श्वासानी म्हणायचा. व्हॉइस नाही काढायचा."

देविका जन्मानं बर्मिंगहॅमचीच, इथल्या म्युझियममध्ये नोकरीला. सुलक्षणा आपली निवृत्तीनंतरची, मंगळवारची बिनपगारी मदतनीस. अमेरिकेतल्या शायॅन लोकांच्या जुन्या वस्तूंची कार्डं कॉम्प्युटरवर चढवायची. हे कार्ड बाळाच्या मणी लावलेल्या पायताणांचं. शिवणाऱ्या बाईचं नाव त्यावर तीनदा — लष्करातल्या कुणा कारकुनानं ऐकू आलं तेवढं लिहिलेलं, पाद्र्यानं स्वतःच्या सोयीनं, आणि शेवटी, दोन हजार दोन साली, तिच्या पणतीनं पत्र पाठवून कळवलेलं, ठिपक्यांसकट. शंभर वर्षं बाई अर्ध्यामुर्ध्या नावानं कपाटात पडून होती, पण कुणीतरी तिला शोधत आलंच की! सुलक्षणाला चक्क हेवा वाटला.

कारण तिचं नाव... ते तर तांदळात गेलं. लग्न लागल्यावर ताटात तांदूळ पसरले, श्रीनिवासनी अंगठीनं 'सुलक्षणा' असं लिहिलं, नणंदांनी टाळ्या पिटल्या, आणि दुसऱ्या दिवशी त्याच तांदळाचा भातही झाला असेल, कोण जाणे. माहेरची शशी तिथंच संपली. बाबा होते तोवर फोनवर "काय गं शशे" म्हणायचे — त्यांना जाऊनही नऊ वर्षं झाली. आणि हे? एवढ्या हौसेनं ठेवलेल्या नावानंही कधी हाक नाही, नुसतं 'अगं'. एकदा, फक्त एकदा कुणीतरी शशी म्हणावं... साठी उलटली तरी ही भूक काही जात नाही, आणि सांगायची तरी कुणाला? लोक हसतील.

संध्याकाळी श्रीनिवास गाडी घेऊन न्यायला आले. राउंडअबाउटपाशी गाडी थांबली तेव्हा तिनं धीर करून विचारलं, "अहो, माझं माहेरचं नाव आठवतं?"

"शशी," उजवीकडून येणाऱ्या गाड्या बघत ते म्हणाले. "का गं?"

"काही नाही. सहज."

म्हणजे ठाऊक होतं. अडतीस वर्षं यांच्या जिभेवर होतं, आणि मी मात्र... तिनं डोळे मिटले. हाक तर आली होती, अगदी स्पष्ट. ती आत कान लावून बसली — आता शशी ओ देईल, आता धावत येईल...

गाडी राउंडअबाउटला वळसा घालून घराच्या रस्त्याला लागली. आतून कुणीच ओ दिली नाही.