मोठ्या नावाची गाडी

घरात ठकू म्हणून ओळखली जाणारी ती बाई हॉस्पिटलात भूल देणारी डॉक्टर होती. ऑपरेशनच्या टेबलावर घाबरून पडलेल्या माणसाच्या कपाळावर हात ठेवून ती असं काही बोलायची की निम्मी भूल तिथेच चढते, असं नर्स म्हणायच्या. इतरांना धीर देणाऱ्या या बाईला स्वतःला मात्र एक धास्ती कायमची होती. लोक काय म्हणतील.

तिच्या वडिलांनी उभी हयात मोटारींच्या एका कारखान्यात, रंगखात्यात काढली होती. पत्र्याचा उघडा सांगाडा त्यांच्यापुढे यायचा आणि रंग चढवून पुढे जायचा. त्याच पगारावर लेक डॉक्टर झाली. पण मधल्या काळात त्या कंपनीच्या गाड्या फार लवकर गंजल्या आणि नाव गेलं ते गेलंच. पुढे कंपनीने सगळं बदललं, गाड्या चांगल्या निघायला लागल्या, तरी लोकांच्या तोंडचे विनोद जुनेच राहिले.

आई गेल्यावर बाबा ठकूकडे राहायला आले. त्यांचा उजवा गुडघा वाकायचा नाही. दोन मुलं आणि बाबा मागे बसले की जुन्या छोट्या गाडीत कुठला पाय कुणाचा ते कळायचं नाही. शेवटी मध्यम आकाराची, घरच्यासारखी ऐसपैस सेडान घ्यायची असं ठरलं.

ठकूचा नवरा कॉलेजात गणित शिकवायचा. त्याने हे काम मनावर घेतलं. टेप घेऊन शोरूममध्ये जायचा, दार किती उघडतं, डिकीत काय मावतं, मागच्या सीटवर डोकं छताला लागतं का, सगळं बघायचा. शेवटी दोनच गाड्या उरल्या. एक बाबांच्या कंपनीची. दुसरी, जिचं नाव घेतलं की शेजारी मान डोलावतात, त्या कंपनीची. घरात तिला सगळे 'मोठ्या नावाची' म्हणायला लागले होते.

"इंजिन एकोणीस-वीस आहे," जेवताना तो म्हणाला. "पण बाबांच्या कंपनीची सीट उंच आहे आणि दार जास्त उघडतं. मोठ्या नावाचीत माणूस मागे बसत नाही, पडतो. नाव मोठं, लक्षण खोटं."

"उद्या विकायची म्हटली तर?" ठकूने विचारलं.

"दहा वर्षं वापरायची असं तूच म्हणालीस."

"आणि सर्व्हिसिंग?"

"त्यांचं सर्व्हिस सेंटर तुझ्या हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत आहे." तो पाणी प्यायला. "ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतेस? तुला ती नको आहे, एवढंच सांग ना."

ठकू उठून ताटं गोळा करायला लागली. बाबा पलीकडच्या खोलीत पेपर वाचत होते. मधलं दार उघडं होतं. त्यांनी पान उलटल्याचा आवाज आला. आपल्या कंपनीच्या बाजूने ते एक अक्षर बोलले नाहीत. त्या दिवशी नाही, नंतरही नाही.

नवऱ्याचं बरोबर होतं. ठकूच्या डोळ्यांपुढे हॉस्पिटलचं पार्किंग होतं. डॉक्टरांसाठी राखून ठेवलेली ती रांग, आणि त्या रांगेतल्या गाड्यांवर ओळीने चमकणारे कंपन्यांचे बिल्ले. एका नव्या डॉक्टरने बाबांच्या कंपनीची गाडी आणली, तेव्हा हाडांचे सर्जन सगळ्यांसमोर म्हणाले होते, "एवढं शिकून शेवटी डबाच घेतलास?" सगळे हसले होते. तीही.

रविवारी ते मोठ्या नावाच्या शोरूममध्ये गेले. बाबांना तरी बसवून बघू, हा नवऱ्याचा आग्रह. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. आत गारवा होता, फरशी इतकी चकचकीत की बाबा जपून पाय टाकत होते. टाय लावलेला एक हसतमुख सेल्समन पुढे आला. त्याने त्यांना मधल्या गाडीपाशी नेलं, दार उघडलं, आणि विचारलं, "आणखी कुठली बघताय?"

नवऱ्याने बाबांच्या कंपनीचं नाव सांगितलं.

सेल्समनने हसू दाबल्यासारखं केलं. "सर, गाडी वाईट आहे असं मी म्हणणार नाही. पण आमच्यात गमतीने म्हणतात. त्या कंपनीत गाडीला आधी गंज देतात आणि मग वरून रंग."

बाबा गाडीच्या पलीकडच्या बाजूला उभे होते. ठकूला ते दिसत होते. आणि तरी तिला हसू आलं. नुसतं हसून ती थांबली असती तरी निभावलं असतं. पण ती म्हणाली, "हो ना. आमच्या लहानपणी कॉलनीत सगळ्यांकडे त्याच होत्या. गाडी वळणावर असायची तेव्हाच आवाज घरात यायचा."

"बघा, मॅडमना अनुभव आहे," सेल्समन खूश झाला. मग आदर म्हणून तो बाबांकडे वळला. "आजोबा, तुम्ही कुठे होता नोकरीला?"

"सरकारी नोकरीत होते ते," ठकू म्हणाली.

हे वाक्य कुठून आलं ते तिला पुढे कितीही विचार करून सांगता आलं नाही. ते बाहेर पडलं तेव्हा नवऱ्याने चमकून तिच्याकडे पाहिलं. बाबांनी पाहिलं नाही. गाडीच्या छतावर हात ठेवून ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "हो. सरकारी."

"वा. आरामाची नोकरी," सेल्समन म्हणाला.

"तशी आरामाचीच."

मग बाबा मागच्या सीटवर बसून बघायला वाकले. बसले म्हणजे खाली गेले. उतरताना त्यांनी एक हात दाराला धरला, दुसरा पुढच्या सीटला, आणि दोनदा उठायचा प्रयत्न केला. जावयाने पुढे होऊन काखेत हात घातला. उभे राहिल्यावर बाबांनी शर्ट नीट केला. "छान आहे गाडी. घेऊन टाका," ते म्हणाले.

ठकूने तिथेच गाडी बुक केली. आता मागे फिरायचं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण सांगायचं तर काय सांगायचं?

घरी आल्यावर नवरा तिच्यामागे स्वयंपाकघरात आला. हळू आवाजात म्हणाला, "सरकारी नोकरी?"

"निघून गेलं तोंडातून."

"मग तिथल्या तिथे परत घ्यायचं होतंस."

"कसं घेणार होते? त्याच्यासमोर?"

"त्याच्यासमोर?" नवरा म्हणाला. "तो कोण लागून गेलाय?"

ती ओटा पुसायला लागली. त्याने विषय वाढवला नाही. वाढवला असता तर बरं, असं तिला वाटलं. भांडणात निदान आपली बाजू मांडता येते.

गाडी आली. हाडांच्या सर्जननी पार्किंगमध्ये थांबून बॉनेटवर थाप मारली आणि ते म्हणाले, "आता कशी शोभतेस!" याच शब्दांसाठी तिने सगळं केलं होतं. ते ऐकून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती हसली, लिफ्टकडे गेली, आणि लिफ्टच्या आरशात स्वतःकडे न बघता दाराकडे तोंड करून उभी राहिली.

बाबांनी गाडीबद्दल कधी वाकडा शब्द काढला नाही. ते फक्त तिच्यात बसेनासे झाले. गुडघ्याच्या डॉक्टरकडे जायचं असलं तरी आधी निघून बसने जायचे. "बसमध्ये धरायला दांडे असतात, मला तेच सोयीचं," असं सांगायचे. हे खोटंही नव्हतं, त्यामुळे त्यावर काही बोलता यायचं नाही. ठकू मग त्यांच्यासाठी नको तितकं करायला लागली. नवी चप्पल, गरम पाण्याची पिशवी, उंच खुर्ची. बाबा प्रत्येक वस्तू हातात घेऊन "कशाला गं?" म्हणायचे, आणि ती तोंड फिरवायची.

अशात रंगखात्यातल्या निवृत्त मंडळींचं स्नेहसंमेलन आलं. कारखान्याजवळच्या हॉलमध्ये होतं आणि तिथपर्यंत बस जात नव्हती. नवरा परीक्षेचे पेपर तपासत बसला होता. "मी सोडते," ठकू म्हणाली. बाबांनी थोडे आढेवेढे घेतले, मग सीट मागे सरकवून पुढे बसले. रस्ताभर दोघं मुलांच्या शाळेबद्दल बोलले.

हॉलची पाटी दिसायला लागली तसे बाबा म्हणाले, "इथेच सोड, कोपऱ्यावर."

"दारापर्यंत सोडते की. चालायला त्रास होईल."

"नको. तिथे सगळे बाहेरच उभे असतात. विचारतील, काय सांगू त्यांना?"

तिने गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं. बाबांनी पट्टा काढला, पण ते उतरले नाहीत.

"बाबा, त्या दिवशी शोरूममध्ये मी…"

"माहीत आहे."

"तुम्हाला खूप वाईट वाटलं ना?"

"वाटलं. खोटं कशाला बोलू?" ते समोर बघत होते. "पण तुझं काय, तुझ्या तोंडून निसटलं. मी मात्र विचार करून 'हो' म्हणालो. तुझी फजिती नको, म्हणून. ज्या कामावर घर उभं राहिलं त्याला मी ओळख दाखवली नाही, ठकू. त्या पोरासमोर वर 'आरामाची' म्हणालो. त्याची मला लाज वाटते. तुझ्यापेक्षा माझीच जास्त."

ठकूचे हात स्टीअरिंगवर तसेच राहिले. इतके दिवस तिला वाटत होतं की ही लाज आपली एकटीची आहे आणि आपण ती गुपचूप वाहतो आहोत. त्यातली मोठी वाटणी आपण या माणसाच्या गळ्यात घातली, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. "माफ करा," एवढंच तिला म्हणता आलं. बाबांनी तिच्या मनगटावर हात ठेवला, पण "जाऊ दे" म्हणाले नाहीत.

तेवढ्यात पुढे एक गाडी थांबली. त्याच मोठ्या नावाची. तिच्यातून रंगखात्यातलेच एक म्हातारे गृहस्थ उतरले, त्यांनी इकडे तिकडे बघितलं आणि घाईने दार लावलं. बाबांना पाहताच ते जागच्या जागी थिजले. बाबाही उतरले.

"तुझ्याकडेही?" बाबांनी विचारलं.

"सून ऐकत नाही," ते म्हणाले. मग दोघंही इतके हसले की बाबांना गाडीचा आधार घ्यावा लागला. ठकूही उतरली आणि न विचारता त्यांच्याबरोबर चालायला लागली.

दारात जुने फोरमन उभे होते. त्यांनी ठकूला ओळखलं. "अरे, डॉक्टरीणबाई! नवी गाडी घेतली म्हणे? आपलीच ना?"

बाबा काहीतरी बोलणार होते. ठकूने त्यांना बोलू दिलं नाही. या वेळी तरी नाही. "नाही काका. दुसरी घेतली. आपलीच चांगली होती, बाबांना बसायलाही सोपी होती. मला नावाचा मोह आवरला नाही."

फोरमन मान हलवत म्हणाले, "माझ्या मुलानेही दुसरीच घेतली. मी इथे सांगितलं नव्हतं." दोघंतिघं हसले. पण खुर्चीवर बसलेले एक गृहस्थ हसले नाहीत. "आम्ही हाताची सालं काढली," ते म्हणाले, "आणि आमच्याच पोरांना आमच्या गाडीत बसायची लाज." ते उठून आत गेले. त्यांच्या मागे जावं असं ठकूला वाटलं, पण जाऊन बोलण्यासारखं काही नव्हतं. तिने खाली बघितलं आणि बाबांसाठी खुर्ची ओढली.

गाडीची पहिली सर्व्हिसिंग आली तेव्हा ठकू मुद्दाम स्वतः शोरूमला गेली. काय बोलायचं ते तिने वाटेत दोनदा मनात म्हटलं होतं. तोच सेल्समन भेटला, तसाच हसतमुख.

"त्या दिवशी मी तुम्हाला सांगितलं ना, माझे वडील सरकारी नोकरीत होते म्हणून. ते खरं नाही. ते त्या दुसऱ्या कंपनीत होते. रंगखात्यात."

सेल्समनच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. त्याने आठवायचा प्रयत्न केला, तो जमला नाही. "हो का, मॅडम? छान. कॉफी घेणार?"

त्याला ते बाबाही आठवत नव्हते, तो विनोदही नाही, आणि तीसुद्धा धड आठवत नव्हती. अशा माणसापुढे आपलं हसं होऊ नये म्हणून तिने बापाला नाकारलं होतं. ती काचेच्या खोलीत बसली. गाडी तयार होईपर्यंत समोरची कॉफी गार झाली.

संध्याकाळी तिने बाबांना सांगितलं.

"काय म्हणाला मग?" बाबांनी विचारलं.

"छान म्हणाला."

बाबा थोडं हसले. "बरं केलंस सांगितलंस," ते म्हणाले आणि गुडघ्याला तेल लावायला लागले. ठकूने त्यांच्या हातातून वाटी घेतली आणि खाली बसली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे जायचं होतं. मी नेऊ का, असं तिने विचारून बघितलं. बाबा म्हणाले, "उद्या नको. पुढच्या वेळी बघू."