इलोनाच्या वाटेवरचे बोलावणे

इलोना आमच्याकडे राहावयास आली, त्याच दिवशी मी तिला घराचे नियम सांगितले. ती हंगेरीची, हिंदी शिकण्यासाठी वर्षभर जयपुरास आलेली. तिची संस्था आदर्श नगरात, आमचे घर तिलक नगरात. वर्ग सुटला की सरळ घरी यावे, एवढीच माझी अपेक्षा. ती मात्र रोज तासभर उशिरा येई. रिक्षा करीत जा, असे मी बजावले, तर पायी यायला आवडते, असे नम्रपणे सांगून ती दुसऱ्या दिवशीही पायीच आली.

चैत्रगौरीचे हळदीकुंकू मी या शहरात आल्यापासून कधी चुकवलेले नाही. एके काळी रेल्वेतल्या आणि लष्करातल्या मराठी घरांमधून इतक्या बायका येत, की दिवाणखान्यात पाऊल ठेवायला जागा नसे. पुढे बदल्या होत गेल्या, माणसे पांगली. गेल्या वर्षी तर झोपाळ्यातली गौर आणि मी एकमेकींकडे पाहत बसलो. यंदा माझा मुलगा रणजीत म्हणाला, की आता हे पुरे करावे; गौर बसवावी, घरच्यांनी नमस्कार करावा, बोलावणी नकोत. मी त्याला शब्द दिला, की या शुक्रवारी दिवाणखाना भरला नाही, तर पुढच्या वर्षीपासून बोलावणे बंद. मी शब्द मोडत नाही, हे तो जाणतो.

मयूरी, माझी सून, फोनवरून सर्वांना एकच निमंत्रण धाडायला निघाली होती. ते मी होऊ दिले नाही. हळदीकुंकवाचे बोलावणे घरच्या मुलीने दारी जाऊन, कुंकू लावून द्यायचे असते. माझे गुडघे साथ देईनात, मयूरीचे ऑफिस सुटेना. शेवटी कुंकवाचा करंडा मी इलोनाच्या हाती दिला आणि तिच्या वाटेवरच्या बायकांना येता-येता बोलावणे द्यायला सांगितले. त्या वाटेवर मराठी घरे दोनच: रेल्वेतल्या तारामतीबाईंचे आणि एका मेजरच्या पत्नीचे, स्वानंदीचे. दोन्ही घरी ती माझ्यासोबत जाऊन आली होती. छावणीतल्या बाकीच्या बायकांना स्वानंदी घेऊन येईल, अशी माझी अटकळ. निराळी नावे घेण्याची मला गरज वाटली नाही. करंडा तळापर्यंत रिकामा होऊन परत आला. वाटेत सांडले असेल, असे मी समजले.

शुक्रवारी उंबऱ्यापाशी चैत्रांगण रेखले. कैरीची डाळ, पन्हे, ओटीचे भिजवलेले हरभरे, सारे जागच्या जागी. तारामतीबाई आल्या, स्वानंदी आली, तिच्यासोबत छावणीतल्या दोघीच आल्या. आणि मग कोणीच येईना. रणजीत ऑफिसातून परतला, दारातून त्याने जवळजवळ रिकाम्या सतरंजीकडे पाहिले आणि आत गेला. त्याने टोमणा मारला असता तर मी परतवला असता. त्याच्या चेहऱ्यावर दया होती, आणि ती फार झोंबली.

इतक्यात फाटकाशी गलका झाला. पुढे पाठीला पिशवी लावलेली इलोना. मागे बायकाच बायका. कोपऱ्यावर इस्त्री करणारी, लाखेच्या बांगड्या बनविणाऱ्या शकीलाबी, आदर्श नगरातल्या सिंधी आजी आणि त्यांच्या सुना, कापडाच्या दुकानातल्या मुली, आणि मोतीडुंगरीच्या चौकातली कॉन्स्टेबल, ती तर गणवेशातच. रोज या साऱ्यांशी दोन शब्द बोलत ही मुलगी घरी येत असे. आज त्या तिच्याबरोबर चालत आल्या होत्या.

"आजीजी, मेरे रास्ते की सब आ गईं," इलोना म्हणाली. "सिर्फ़ जूसवाली दीदी रह गईं, उनका बच्चा बीमार है."

तारामतीबाई माझ्या कानाशी आल्या. "कलावतीबाई, ह्या काही आपल्यातल्या नव्हेत. पन्हं देऊन बाहेरच्या बाहेर वाटेला लावा."

"बोलावणं माझ्या घरच्या मुलीनं दिलंय, माझ्या करंड्यातलं कुंकू लावून," मी म्हटले. "ते आता मोडता यायचं नाही. तुम्ही जरा सरकून बसा."

त्या सरकल्या. मग मी सूत्रे हाती घेतली. मयूरीला हळदीकुंकू लावायला बसवले, स्वानंदीला पन्ह्याकडे, रणजीतला कैऱ्या आणायला पिटाळले, आणि वर्तमानपत्र वाचीत बसलेल्या आमच्या ह्यांच्या हाती कलिंगड आणि सुरी दिली. कॉन्स्टेबलने टोपी काढून कपाळ पुढे केले. शकीलाबींनी कुंकू हसून नाकारले, डाळ मात्र दोनदा मागून घेतली आणि त्यात कैरी कमी पडल्याचे मला तोंडावर सांगितले. ते खरे होते.

सिंधी आजींनी गौरीचे निरीक्षण केले. इतकी वर्षे जयपुरात गणगौर पाहिलेली बाई. गौरीशेजारी तिचा नवरा शंकर, म्हणजे इकडचे ईसरजी, हवेतच, हा त्यांचा आग्रह.

"आपकी गौर अकेली क्यों बैठी है? इनके ईसरजी कहाँ हैं?"

"हमारे ईसरजी रसोई में तरबूज काट रहे हैं," मी म्हटले.

जो हशा उठला, तो ऐकून आमचे हे सुरीसकट बाहेर आले आणि तसेच आत परतले. मग इस्त्रीवालीने गणगौरीचे गाणे धरले, दुकानातल्या मुलींनी झोपाळ्याची दोरी धरली, आणि तारामतीबाईंनीच सर्वांत आधी टाळ्यांचा ठेका दिला.

रणजीत कैऱ्यांची पिशवी घेऊन परतला आणि उंबऱ्यावरच अडला.

"आई, आत पाय ठेवायला जागा नाही."

"हे पुन्हा एकदा सांग," मी म्हटले. त्याने हसत, मोठ्याने, सर्वांसमक्ष सांगितले.

इलोना श्रावणापूर्वी मायदेशी परतायची आहे. म्हणून त्याच संध्याकाळी मी मयूरीला सांगितले, की सोमवारपासून तिने इलोनाबरोबर त्या वाटेने पायी घरी यावे आणि एकेक दार ओळखून घ्यावे. पुढच्या चैत्रात बोलावणे तिला द्यायचे आहे. गाडीतून जाऊन सांगितले तर चालणार नाही का, असे तिने विचारून पाहिले.

"गाडीच्या काचेतून कपाळापर्यंत हात पोचत नाही," मी म्हटले. "चालायचं. उशीर झाला तरी मी काही बोलणार नाही."

कॉन्स्टेबल अजून दाराशी आपले बूट शोधीत होती. चौकात या दोघींसाठी वाहतूक थांबवीन, असे तिने मयूरीला आश्वासन दिले.