वाघरीतला पुरावा

कळंबच्या स्नेहलनं काडेपेटीचा असा धसका घेतला होता, की विचारू नका. झालं होतं असं, की मागच्या रहस्यकथेत तिनं १८१९ सालच्या एका पाटलाला काडेपेटीनं चिलीम पेटवायला लावली. तेव्हा कुठली आली काडेपेटी! जुन्नरच्या एका वाचकानं चार पानी पत्र धाडलं, वर त्याच्या झेरॉक्स काढून गावभर वाटल्या. बाईंना त्या काळचं लुगडं माहीत, दागिने माहीत, आणि विस्तव कसा पेटायचा तेवढं माहीत नाही, असं जो तो म्हणू लागला.

आता नवं पुस्तक. शेवटची प्रुफं संध्याकाळी पाचपर्यंत पुण्याला पाठवायची होती, उद्या छपाई. सगळं तपासून झालं होतं, राहिलं होतं फक्त मेंढ्यांचं प्रकरण. म्हणून भर दुपारी स्कूटी दामटत ती पिंपरी पेंढारला सारजाबाईंच्या दारात हजर झाली. सारजाबाईंचा उभा जन्म मेंढरांमागं गेलेला. आता मेंढरं मुलगा हनुमंत बघतो. म्हातारीला वाचता येत नाही, पण ऐकायची हौस दांडगी. सून सुप्रियानं चहा टाकला, आणि स्नेहल वाचू लागली.

साल १८६८. जमिनीला खत मिळावं म्हणून एका शेतात धनगराच्या दोनशे मेंढ्या आठ रात्री एकाच जागी बसवलेल्या. नवव्या दिवशी पहाटे धनगर कळप घेऊन पुढं निघून गेला, आणि त्याच जागेवर पाटलाचं प्रेत सापडलं. पाटलाचा भाऊ छातीवर हात मारून सांगतो, "रात्री मी बांधावरून बघितलं. मेंढरांच्या मधोमध धनगरानंच मारलं." धनगराला बेड्या पडतात. मग कचेरीतला एक हुशार कारकून त्या जागेवर रात्री उमटलेला भावाच्या फाटक्या वहाणेचा ठसा शोधून काढतो, आणि खरा खुनी सापडतो.

"थांब गं बाई," सारजाबाई म्हणाल्या. "दोनशे मेंढरं रातभर तितं बसली आन ठसा तसाच राहिला? मेंढरं काय बाजेवर झोपली व्हती?"

सुप्रिया पदर तोंडाला लावून हसायला लागली.

"आन आठ रात्री एकाच जागी? खतानं जमीन जळंल की! वाघर रोज पुढं सरकवायची असती."

वाघर म्हणजे रात्री मेंढ्यांभोवती लावायचं जाळं. एवढं स्नेहलला ठाऊक होतं, ती रोज सरकते हे मात्र नव्हतं. तिच्या पायाखालची वाळूच सरकली. अख्ख्या पुस्तकाचा उलगडा त्या एका ठशावर उभा होता. घड्याळात अडीच वाजलेले. जुन्नरकरांचं पत्र तिच्या डोळ्यांपुढं नाचू लागलं, आणि या खेपेला ते आठ पानी होतं.

"तोंड काय पाडतीस? चल, दावते."

शेजारच्या रिकाम्या रानात हनुमंतनं वाघर लावली होती. मेंढरं चरायला गेलेली. जमिनीवर एकाला एक लागून काळपट चौकोन पडले होते, एका रात्रीचा एक. कालच्या चौकोनात लेंड्या अजून ओल्या होत्या. स्नेहलनं हताश होऊन प्रुफांची पिशवी तिथंच खाली टाकली, न् तेवढ्यात भानावर येऊन चटकन उचलली.

"घे! आता धू बसून," सारजाबाई म्हणाल्या.

पण स्नेहल पिशवीकडं बघतच राहिली. खालून सगळी लेंड्यांनी माखलेली, वरून कोरी करकरीत.

"आजी, ही पिशवी काल रात्री इथं असती तर?"

"तर तुडवून चिंधी झाली असती. मेंढरं काय वळसा घालून जात्यात?"

अहाहा! प्रेताखाली ओल्या लेंड्या, आणि अंगावर एकाही खुराची खूण नाही. म्हणजे कळप उठून गेल्यावरच प्रेत तिथं आणून टाकलेलं. मग रात्री मेंढरांच्या मधोमध खून बघितला म्हणणारा भाऊ सपशेल खोटा! स्नेहल बांधावर बसली आणि मोबाइलवर धडाधड टाइप करत सुटली. वाघर रोज सरकवली, ठसा उडाला, लेंड्या आल्या. साडेचारला पानं गेली. दहा मिनिटांत प्रकाशक दादाभाऊंचा फोन आला.

"अहो, ऐन वेळी जीव घेता राव! पण ठशापेक्षा हे झकास जमलंय."

स्नेहलच्या छातीवरचा धोंडा उतरला. तिला हसू आलं, रडूही आलं. तिनं सारजाबाईंचे दोन्ही हात धरले.

"त्यो धनगर सुटला न्हवं?" म्हातारीनं विचारलं.

"सुटला आजी. मेंढरांनीच सोडवला."

"बेस झालं. नाव काय त्याचं?"

स्नेहलनं मनातल्या मनात पानं उलटली. पाटलाला नाव होतं, पाटलाच्या घोडीलासुद्धा होतं. धनगर मात्र दोनशे चाळीस पानं नुसता 'तो धनगर' होता. तिला मनापासून लाज वाटली.

"तुम्हीच सांगा. तुमच्या घरातलं, कुणाचंही."

सारजाबाईंनी पदर सारखा केला आणि मागून आलेल्या सुनेकडं बघितलं.

"आत्या न्हाई घ्यायच्या ते नाव," सुप्रिया म्हणाली. "आमचे मामंजी ज्योतिबा. त्यांच्यावर पण एकदा आळ आला व्हता, बेल्ह्याच्या बाजारात. बैल चोरल्याचा."

"मग?"

"सुटले. पर सहा म्हैने आत काढले. त्यांनी चोरला नव्हता, हे लोकांनी कधी मोठ्यानं म्हटलंच न्हाई."

पाच वाजायला सात मिनिटं होती. स्नेहलनं फोन लावला. "दादाभाऊ, एकच दुरुस्ती. जिथं जिथं 'तो धनगर' आहे, तिथं 'ज्योतिबा' करा."

"अहो, किती ठिकाणी?"

"असतील तितक्या."

तिनं फोन ठेवला. सारजाबाई बांधावर तिच्या शेजारी टेकल्या होत्या. डोळे पुसून झाले होते.

"आता वाच," त्या म्हणाल्या. "त्ये सुटत्यात, तितनं वाच. मोठ्यानं वाच."