न मोजलेला दगड

मेंढवाडीतल्या बाया भर उन्हात, कोरड्याठाक अंगणातून लुगडं गुडघ्यापर्यंत वर धरून चालायला लागल्या, तेव्हा मोजणीवाल्या सोहनलालने पहिल्यांदा हातातलं काम थांबवलं. शेळ्या तर त्याच्याही पुढे गेल्या. वाडीच्या वाटेला लागल्या की हनुवट्या वर करायच्या आणि पाय लांब लांब फेकायच्या, पोहत असल्यासारखे. दारात पोचल्या की अंग झटकायच्या. अंगावरून उडायची ती निव्वळ धूळ.

ज्याला खोटं वाटेल त्याने खुशाल खोटं म्हणावं. सत्तावन्न साल होतं. केदारखेड्याच्या वरल्या अंगाला तलाव व्हायचा होता, पण अजून बांधावर मातीची एक पाटी पडली नव्हती. पाणी होतं ते फक्त चावडीत मांडलेल्या मातीच्या नमुन्यात. तेही निळ्या रंगाचं.

त्या नमुन्याच्या तळाशी, निळ्या रंगात पार बुडालेली, मेंढवाडी होती. कचेरीच्या साहेबांनी हुकूम सोडला होता : अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आत वाडी उठवा.

जयवंताबाई उठायला तयार नव्हती. धनगराची विधवा बाई. नवरा भुजंग दारासमोरच पुरलेला. सोहनलाल मोजणीच्या कामावर आला तेव्हापासून तिच्याच चुलीवरचं खात होता. झुंबरलाल अडत्याचा हा धाकटा पोरगा. जालन्याच्या मोंढ्यात बसून धान्य तोलायचं सोडून मोजणीच्या खात्यात शिरला म्हणून बापाने त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. ही बाई मात्र त्याला 'शेट' म्हणून चिडवायची आणि भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवायची.

"शेट, तुझ्या त्या मातीच्या खेळण्यात माझं घर बुडालंय म्हनं," ती म्हणाली. "मी तर इथं कोरडी बसल्येय."

"मावशी, खेळणं न्हाई ते. दगडा-दगडाची उंची मोजून केलंय. माझ्याच हातानं मोजलीय."

"मंग तुझा हात तपास."

ती हसत बोलली, पण बोलताना पाय उंबऱ्यावर घेऊन बसली होती. पायाखाली पाणी असल्यागत.

सोहनलालने हात तपासायला घेतला, तो असा.

कचेरीची पद्धत सोपी होती. सगळ्या खोऱ्यावर रांगेने दगड रोवायचे, जाळं पसरावं तसे. प्रत्येक दगडाला नंबर. नंबराप्रमाणे त्या जागेची उंची लिहून कचेरीत पाठवायची. तिथे नकाशे काढणारा राधाकिसन बसलेला. त्याच्याकडे आधीच एक तक्ता तयार होता : कुठले तीन दगड जोडले की एक तिकोन होतो. तो फळीवर नंबरवार खुंट्या ठोकायचा, उंचीप्रमाणे लांब-आखूड, आणि तक्त्यात पाहून तीन-तीन खुंट्यांवर माती ताणायचा. तिकोनाला तिकोन चिकटत गेला की डोंगर, ओढा, वाडी, सगळं उभं राहायचं. राधाकिसनने ते खोरं जन्मात पाहिलं नव्हतं. त्याला नंबर पुरत.

सोहनलाल चावडीत गेला. कुणी नाही असं पाहून त्याने मेंढवाडीची माती नखाने उकरली आणि खालची खुंटी उपसली. बुडावर शाईने लिहिलेलं होतं : अठ्ठावीस.

जयवंताबाईच्या दारातल्या दगडावर त्याने स्वतः चुन्याने रंगवलेला नंबर होता सत्तावीस. अठ्ठावीस नंबर होता त्याच्या पुढे, ओढ्याच्या पात्रात.

त्याने शेजारच्या खुंट्याही उपसून पाहिल्या. ओढ्याची उंची वाडीला लागली होती, आणि नुसती वाडीला नाही; सबंध खोऱ्याला एका दगडाचा धक्का बसला होता. ज्याची त्याची उंची मागच्याच्या अंगावर गेली होती. शेवटच्या जागेला उंची उरलीच नाही, तेव्हा राधाकिसनने ती अंदाजाने ठोकून दिली असणार.

आणि हा धक्का दिला कुणी, हे सोहनलालला विचारत जायची गरज नव्हती.

मोंढ्यात झुंबरलालच्या अडतीवर रास मोजायला घेतली की पहिलं माप कबुतरांचं. ते बाजूला ओतायचं, मोजायचं नाही. 'एक' म्हणायचं ते त्याच्या पुढच्या मापाला. सोहनलाल लहानपणापासून तसंच बघत आलेला. खोऱ्याच्या तोंडाशी पहिला दगड रोवला तेव्हा त्याचा हात आपोआप पुढच्या दगडाकडे गेला, आणि त्याने चुन्याचं बोट तिथे टेकवलं : एक. दगड वाहणारा त्रिंबक, म्हणजे जयवंताबाईचा दीर, उलट खूश झाला. "बराबर केलं," म्हणाला. "आमच्यात बी कळपातलं पहिलं मेंढरू बिरोबाचं. त्याला कुनी मोजीत न्हाई." त्याने त्या बिननंबरी दगडावर भंडाऱ्याची चिमूट टाकली, आणि सगळे पुढे गेले.

कचेरीचा तक्ता मात्र त्याच दगडापासून सुरू होत होता. त्यांच्या लेखी तोच एक नंबर.

राधाकिसनला हे सांगितल्यावर तो आधी खूप हसला, मग घाबरला. "साहेबाला खुलासा मी देईन," तो म्हणाला, "पण मला त्या पहिल्याची उंची पायजे. आन दगडावर नंबर बी पायजे. जिमिनीवर एक आन कागदावर एक असं चालायचं न्हाई. सगळे नंबर एकेकानं पुढं सरकव."

"सरकवतो. जल्दी करतो."

जल्दी करणं त्याच्या हातात नव्हतं. पहिला दगड सापडेना.

रोवला होता त्या जागी नुसता खड्डा होता, कडा ताज्या. त्रिंबकाने दगड लांबच्या बाभळीखाली दाखवला. हे दोघं बाभळीपाशी पोचले तर तो भरड्या रानाच्या मधोमध उभा. भर दुपार, सावली नावाला नाही, आणि दगडावरचा भंडारा कालच टाकल्यासारखा पिवळाधमक. त्याला हलताना कुणी पाहिलं नाही. मान फिरवून परत बघावं तर तो आधीपासून तिथेच असल्यासारखा. तिकोनाचा एकेक कोपरा कुठल्या ना कुठल्या दगडाने धरलेला असतो. याला कुणीच कुठे धरलेलं नव्हतं. मग तो हिंडणार नाही तर काय करणार?

"काठी धरा, त्रिंबकमामा," सोहनलाल म्हणाला.

"मी न्हाई धरत. त्याला नंबर द्याचा न्हाई, सांगून ठिवतो."

संध्याकाळी जयवंताबाईनेही तेच सांगितलं, फक्त हळू आवाजात.

"लेकरा, कळपात एक बिनमोजलेलं राहतंच. त्यो आपला रिवाज न्हाई, बिरोबाचा हाय. याला मोजलंस तर त्याच्या जागी दुसरं कोन उभं राहील?"

"न्हाई मोजलं तर तुमचं घर उठतंय. भुजंगकाकाला काय काखोटीला मारून नेनार हाव?"

ती उंबऱ्यावरून पुढे वाकली. मग म्हणाली, "मी जाते दुसरीकडं. तू नको भानगडीत पडू." आणि हे म्हणताना तिने दारासमोरच्या मातीवर तळवा टेकला आणि चटकन उचलून पदराला पुसला. तळवा कोरडा होता. तरी ती पुसत राहिली.

सोहनलालने ते पाहिलं. त्याला पुढचं काही विचारायचं उरलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो एकटाच चुन्याचं मडकं घेऊन निघाला. दगडाच्या मागे धावला नाही. रिकाम्या खड्ड्यापाशी गेला, खड्ड्यात काठी उभी केली, दुर्बिणीतून उंची घेतली आणि मोठ्याने म्हणाला, "एक."

मागे वळून पाहिलं तर दगड त्याच्या पाठीशी टेकलेला होता. उन्हात असून गारढोण. सोहनलालने तो ढकलत खड्ड्यात बसवला, आणि चुन्याच्या बोटाने त्यावर आकडा काढला. भंडाऱ्यावर चुना बसेना. त्याने पुन्हा पुन्हा गिरवला, शेवटी बसला. दगड पुन्हा हलला नाही. त्या वेळी मानेमागून कुणी तरी निघून गेल्यासारखं त्याला वाटलं; की कुणी येऊन उभं राहिलं, हे नीट सांगता आलं नसतं.

सगळे नंबर पुढे सरकले. राधाकिसनने माती मोडून पुन्हा ताणली. मेंढवाडी उंचवट्यावर आली, निळा रंग तिच्या पायथ्याशी येऊन थांबला. हुकूम मागे घेतला. शेळ्या माना खाली घालून साध्या चालायला लागल्या, बायांची लुगडी घोट्यापर्यंत उतरली. जयवंताबाईने भुजंगाच्या समाधीच्या दगडाला तेल घातलं.

पुढे बांध झाला, आणि दोन वर्षांनी पोळ्यानंतर खरंखुरं पाणी चढायला लागलं. खालच्या रानात कुणी अडकू नये म्हणून सगळ्यांना वाडीवर बोलावलं होतं. त्रिंबक उंच जोत्यावर उभा राहून माणसं मोजत होता. सोहनलाल त्याच दिवसासाठी जालन्याहून मुद्दाम आला होता, पुढच्याच रांगेत, जयवंताबाईच्या शेजारी उभा होता.

"भरली सगळी," त्रिंबक म्हणाला. "खाली कुनी न्हाई."

"मामा, मला मोजलं न्हाई तुम्ही," सोहनलाल हसून म्हणाला.

त्रिंबकाने पुन्हा मोजलं. बोट रांगेतल्या सोनूबाईवर आलं, जयवंताबाईवर आलं, आणि सोहनलालच्या पलीकडे उभ्या पुंजारामावर गेलं. मध्ये अडखळलं सुद्धा नाही. आकडा तोच.

"आरं, मी हितं उभा हाय की."

"दिसून राह्यलास ना," त्रिंबक चिडून म्हणाला. "आंधळा हाय का मी?" तिसऱ्यांदा त्याने एकेकाच्या खांद्याला हात लावून मोजलं. सोहनलालच्या खांद्यालाही लावला. आकडा तोंडातून निघाला तो पुंजारामाच्या खांद्यावर. आता कुणी हसेना. माणसं एक एक पाऊल मागे सरली. सोहनलालभोवती जागा मोकळी पडली आणि वाऱ्याने भंडाऱ्याचा वास आला. कुणाच्या हातात भंडारा नव्हता.

कचेरीतल्या हजेरीत आपलंच नाव सुटायचं, ते सोहनलालला आठवलं. घरी पंगतीत एक पान नेहमी कमी पडायचं ते आठवलं. मंजूने, त्याच्या बायकोने, पोरं मोजून दार लावलं आणि तो बाहेर राहिला, ती संध्याकाळ आठवली. तेव्हा त्याने दरवेळी दुसऱ्याला वेंधळं म्हटलं होतं.

खाली पाणी भरड्या रानावर आलं, बाभळीच्या बुंध्याला लागलं, वाडीच्या उताराशी येऊन टेकलं. तिथेच थांबलं. बराबर नमुन्यात होतं तिथे.

जयवंताबाईने सोहनलालचं मनगट धरलं, घट्ट, ओढाळ जनावर धरावं तसं.

"चल घरात," ती म्हणाली. "त्या दगडाची जागा आता तुझी. तुझा हिशोब आता लोकांना लागायचा न्हाई. तू कुनाच्या दारात उभा राहत जाऊ नको. सरळ आत येत जा."

ती त्याला ओढत पुढे झाली. कळप वाटेत आडवा बसला होता. सोहनलाल जवळ आला तशी मेंढरं एकेक करून उठली आणि वाट सोडून, माना खाली घालून, उभी राहिली.