तेरुओची बाजू

"तुझा तेरुओ भगोडा आहे यार, मान ले," असं सुयशनं ग्रुपवर टाकलं आणि त्याखाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली, तेव्हा अंगद शहरातल्या गारखेड्यात पाण्याच्या व्हॉल्व्हच्या झाकणावर बसला होता.

तेरुओ हा एका जपानी ॲनिमे मालिकेतला निशाणवाला. किल्ल्याला वेढा पडायच्या आधी तो निशाण भिंतीला टेकवतो आणि निघून जातो. ग्रुपमधली सगळी पोरं नायक रेन्जीची भक्त. रेन्जी दर भागात मरता मरता वाचायचा, वर त्याबद्दल भाषणही करायचा. तेरुओच्या बाजूनं एकटा अंगद. तेरुओ निघतो तेव्हा किल्ल्यातली विहीर आटलेली असते. एक तोंड कमी झालं तर बाकीच्यांचं भागेल, हे अंगदला कुणी समजावून द्यावं लागलं नव्हतं. वेरूळजवळच्या गावातून तोही असाच निघाला होता. मागं बाप कडूबा, त्याचे आबा, आणि मेंढरं. गावात पाणी नाही म्हणून निघालेल्याला शहरानं पाणी सोडायचंच काम दिलं. इथं नव्या सोसायट्यांना नळाआधी नावं मिळत होती, आणि ती बहुतेक सरोवरांची.

सुयश कॉलेजात शिकायचा, पुढच्याच गल्लीत राहायचा. आपल्या घरचा नळ अंगदच्या चावीवर चालतो, हे त्याच्या गावीही नव्हतं. ती चावी उशिरा फिरवायचा मोह अंगदला एक-दोनदा झाला होता. पण तेरुओनं तसं केलं नसतं.

आज अंगद ग्रुपवर सविस्तर लिहीत होता. मध्येच आबांचा फोन आला, त्यानं कापला. परत आला; परत कापला. मुद्दा ऐन रंगात होता.

मग सुयशनं साधंच विचारलं, "गेला ते ठीक. मागच्यांचं काय झालं ते बघायला एकदा तरी फिरकला का?"

अंगदनं लिहिलं, खोडलं. 'पुढच्या भागात येईल' असं लिहिलं, तेही खोडलं. मालिका कधीच संपली होती. शेवटी त्यानं आबांना फोन लावला.

"काय नाय रं," कडूबा म्हणाला. "मेंढरं दिली इकून. चारा नाय, पानी नाय. चंद्री तेवढी ठिवावी का, इचारायचं व्हतं."

चंद्रीला अंगदनं बाटलीनं दूध पाजून जगवलं होतं. कळपाच्या पुढं तीच चालायची.

"मग?"

"तू कामात असशील. गाडीवाला थांबंना, दिली. घंटी काढून घेतली तिची. जनावर इकलं तरी घंटी देत नसत्यात आपल्यात. खुटीला टांगलीय. आलास कधी तर घिऊन जा."

"येतो, आबा."

"व्हय, ये की," कडूबा म्हणाला, दर वेळी म्हणायचा तसंच.

ग्रुपवर पोरं उत्तर मागत होती. एकानं विजयाचे फटाकेही लावून टाकले होते. अंगदनं लिहिलं, "नाही. फिरकला नाही."

मग मोबाईल खिशात टाकून त्यानं चावी व्हॉल्व्हवर बसवली आणि सुयशच्या गल्लीचं पाणी वेळेवर सोडलं.