हे पंगतीला बसले तो दिवस

"माझी बादली कुठंय?"

ह्यांनी तिसऱ्यांदा विचारलं. मी मनगटापर्यंत कणकेत हात घालून बसले होते आणि मान वर करत नव्हते. बादली माझ्या पाठीमागे, कांद्याच्या पोत्यांआड होती. सकाळी मीच ती तिथे ठेवली होती.

"असेल कुठंतरी. एवढ्या बादल्या पडल्यात, घ्या त्यातलीच एखादी," मी म्हणाले आणि लगेच जीभ चावली. म्हणजे लपवून फायदा काय झाला?

"मला माझीच पाहिजे. तिची कडी मी बसवलीय," असं पुटपुटत हे भांडी धुवायच्या जागेकडे गेले.

आमचे हे लिफ्ट मेकॅनिक. चाळीस वर्षं लोकांना वर-खाली पोचवलं, स्वतः मात्र एका जागी बसल्याचं मला आठवत नाही. पायाला भिंगरीच. लग्नानंतर पहिल्याच रविवारी मला गुरुद्वाऱ्यात घेऊन आले, "तू जेवून घे, मी आलोच," म्हणाले आणि डाळीची बादली उचलून जे गेले ते शेवटची पंगत उठेपर्यंत दिसलेच नाहीत. पुढचे सगळे रविवार तसेच गेले. लंगरात हे वाढणार, मी रोट्या लाटणार, आणि सगळं आटोपल्यावर हे ओट्याला टेकून, उभ्या उभ्याच चार घास खाणार. जरा बसून जेवा म्हटलं की म्हणायचे, "बसायला घर आहे की." घरी तरी कुठे बसायचे!

मागच्या वर्षी अर्धांगाचा झटका आला. पाय सुधारला, जीभ सुधारली, माझ्या मते जरा जास्तच सुधारली. पण डावा हात नावालाच राहिला. दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. ह्यांनी खांद्यावरून एक जाड पट्टा घेतला, त्याला लिफ्टच्या सामानातला आकडा लावला, आकड्याला बादली अडकवली आणि उजव्या हातात पळी घेऊन पुन्हा वाढायला उभे राहिले. मलाही तेव्हा त्यांचं कौतुकच वाटलं होतं. गेल्या रविवारी हे वाकले, बादली झोका खाऊन कलंडली आणि गरम डाळ एका म्हाताऱ्या मावशींच्या गुडघ्यांवर सांडली. हे म्हणाले, आकडा सैल होता. घरी येऊन त्यांनी आकडा बदललासुद्धा.

आज तर खुला दिवस होता. आजूबाजूच्या सगळ्या वस्तीला आमंत्रण होतं. शाळेच्या बाई, अग्निशमन दलाचे जवान, टपालवाली, कोण कोण आलं होतं. गुरुद्वारा पाहा, पगडी बांधून घ्या, ढोलावर हात मारून बघा, जेवून जा, वाटलं तर वाढायलाही या. आणि काल दुपारी गुरुद्वाऱ्याचे अध्यक्ष माझ्यासमोर हात जोडून उभे.

"वहिनी, उद्या त्यांना वाढायला नको. पाहुण्यांच्या अंगावर काही सांडलं म्हणजे..."

"मग तुम्हीच सांगा त्यांना."

"मी कसं सांगणार? सेवा मागायला आलेल्या माणसाला नाही म्हणायची आपल्यात रीत नाही."

आणि ती रीत मोडायचं काम माझ्या गळ्यात घालून त्यांनी काढता पाय घेतला. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

"ही इथं कशी आली?"

मी वळून पाहिलं. पोत्यांपाशी उभ्या ह्यांच्या हातात बादली होती.

"मी ठेवली," मी म्हणाले.

"अध्यक्ष बोलला?"

"बोलले. पण मलाही तेच वाटतं. मावशींच्या गुडघ्यांवर फोड आलेत. मी बघून आले परवा. आकडा सैल नव्हता हो. हात राहिला नाही तुमचा."

आता हे ओरडतील, बादली आपटतील, असं वाटलं. तसं काही झालं असतं तर बरं झालं असतं. ह्यांनी बादली ओट्यावर ठेवली. खांद्यावरच्या पट्ट्याचं बक्कल एका हाताने सोडायला बराच वेळ लागला. मी उठले नाही. उठले असते तर त्यांना सहन झालं नसतं.

"मग मी करू काय?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता.

"बसून जेवा," मी म्हणाले.

हे निघून गेले. दहा मिनिटं मी कणीक तिंबत राहिले, ती केव्हाच मळून झाली होती. मग राहवेना. हात न धुताच बाहेर धावले. जोडे ठेवायच्या खोलीत नाहीत, पगड्यांच्या टेबलाशी नाहीत, फाटकात नाहीत. रस्त्याच्या दोन्ही बाजू पाहिल्या. घामाने जीव नकोसा झाला. परत फिरून सभागृहाच्या दारात आले, तर हे पंगतीत.

एका बाजूला शाळेच्या बाई, दुसऱ्या बाजूला नवीकोरी केशरी पगडी सांभाळत बसलेला अग्निशमन दलाचा जवान, मध्ये आमचे हे, मांडी घालून. समोर ताट होतं. डाळवाला पुढे गेला तशी ह्यांची मान त्याच्यामागे गेली. एकदा उठायला गुडघा टेकला, पुन्हा बसले.

मग रोट्यांची टोपली घेऊन टपालवाली आली. डोक्यावरचा रुमाल सारखा सरकत होता, पण चेहरा कसा फुललेला. ह्यांनी उजवा हात पुढे केला.

"काका, दोन्ही हात," ती मोठ्याने म्हणाली. "रोटी दोन्ही हातांत घ्यायची असते इथं. मला पण आत्ताच सांगितलं."

निम्म्या गावाला ही गोष्ट ह्यांनीच शिकवली होती. मी पुढे होणार तोच हे तिच्याकडे पाहून म्हणाले, "बरं झालं सांगितलंत."

उजव्या हाताने त्यांनी डावा हात मनगटाशी धरून मांडीवर आणला. पालथा होता तो उताणा केला. मिटलेली बोटं एकेक करून उघडली. करंगळी पुन्हा मिटली, ती पुन्हा उघडली. टपालवाली रोटी धरून वाकून उभी होती. तिच्यामागचे वाढपीही थांबले. ह्यांनी उजवा हात डाव्याखाली सरकवला आणि दोन्ही हात मिळून ओंजळ वर उचलली.

तिने रोटी हळूच ठेवली आणि पुढे सरकली. हे ओंजळ तशीच धरून बसले होते.

शेजारच्या जवानाने बिचकत विचारलं, "काका, तुम्ही पण पहिल्यांदाच आलात?"

"पंगतीत," हे म्हणाले, "पहिल्यांदाच."