उघडा हात

हर्षदाने उजव्या हाताला कोपरापर्यंत तेल चोळलं, डावा कोरडा ठेवला आणि दोन्ही हात उघड्या गटारावर धरले. काचीगुडा स्टेशनच्या रुळांमागच्या वस्तीतल्या बायका वाकून बघू लागल्या. पाच मिनिटांत डाव्यावर सात डास बसले. उजव्यावर एकही नाही.

डास पळवणारं तेल घरी बनवायला शिकवण्याचा हा तिचा अकरावा वर्ग. कडुनिंबाचं तेल एक वाटी, खोबरेल चार, कापराच्या दोन वड्या. शब्द आता आपोआप तोंडातून बाहेर पडत. टीव्हीतली बाई डासांचं मशीन लावून निवांत झोपते, आमच्या नशिबी मात्र कडू तेल, असं म्हणून बायका हसायच्या. हर्षदाही हसायची, आता त्या हसण्याचेही श्रम होत.

वर्ग आटोपून ती वही घेऊन भामाच्या खोलीत शिरली. वस्तीत सगळ्यांत चांगलं तेल बनवणारी भामा गोधडीत कुडकुडत पडली होती. पावसाळा लागल्यापासून हा तिसरा हिवताप. तिच्या चार मुलांना मात्र एकदाही नाही. वर्ग चालवणाऱ्या संस्थेच्या हिमायतनगरच्या ऑफिसात शशिकांत सरांनी सांगून टाकलं होतं, की तेल लावणारीलाच ताप येत असेल तर वर्ग बंद करू.

"भामाबाई, खरं सांगा. तेल लावता ना?"

"हौ. रोज सांजच्याला. चारी लेकरांला, सासूला."

"आणि स्वतःला?"

भामाने गोधडीतून हात बाहेर काढला. मनगटापासून कोपरापर्यंत लाल गांधी उठल्या होत्या.

"तुमीच दाखविलं की, ताई. तेल नाही त्या हातावर सगळे बसतेत. समद्यांलाच लावलं तर उपाशी मच्छर लेकरांलाच खातील. एक हात तर उघडा ठेवावा लागतो."

हर्षदाने वही मिटली. पिशवीतली बाटली काढून तिने भामाचा हात मांडीवर घेतला. तापलेल्या कातडीवर तेल लगेच पसरलं. तिने दुसराही हात चोळला, मग पाय.

भामा हर्षदाच्या कोरड्या डाव्या हाताकडे बघत होती. मग कण्हत उठून बसली आणि हर्षदाच्या तळव्यावर उरलेलं तेल बोटांनी निपटून त्या हाताला लावू लागली.

"आता कुनाला चावतील?" तिने विचारलं.

शेजारी सत्यवतीची खोली. तिला कामावरून येऊन वर्ग कधीच गाठता आला नव्हता; त्या घरात तेल नव्हतं. भिंतीपलीकडे झोळीतलं तिचं तान्हं रडायला लागलं.

हर्षदाने बाटली दाराच्या उजेडात धरून किती तेल उरलंय ते बघितलं.